आप्पांना आइसलँडचा काळा किनारा दाखवायचाय. एका दिवसाची गाइडेड टूर कशी पडेल?

पांझराकाठ (धुळे) यांचा प्रश्न:

नमस्कार मंडळी,

माझा धाकटा भाऊ कोपनहेगनला असतो. येत्या जूनमध्ये आई-आप्पा महिनाभर त्याच्याकडे जाणार आहेत. त्यातले तीन-चार दिवस काढून दोघांना आइसलँडला न्यावं, असं त्याच्या मनात आहे. एक अख्खा दिवस तिथली राजधानी रेक्याविकहून दक्षिण किनाऱ्याच्या टूरसाठी ठेवलाय: सेल्यालांड्सफॉस आणि स्कोगाफॉस हे धबधबे, एक हिमनदी, रेनिसफ्याराचा काळ्या वाळूचा किनारा आणि वीक गाव. सकाळी आठच्या सुमारास निघायचं आणि संध्याकाळी सात-आठला परत.

अडचण आप्पांची आहे. त्यांनी आमच्या साक्री तालुक्यात आयुष्यभर विहिरी खोदल्या. आधी पहार-घणावर, मग स्वतःची यारी घेऊन. शेती कापूस-बाजरीची, पण ओळख विहिरीवाले आप्पा हीच. भावाने व्हिडिओ कॉलवर त्या किनाऱ्याचे फोटो दाखवले तर म्हणाले, "काळा दगड देखाले इतला दूर कसाले? आपला वावरमा कमी शेतस का?" भाऊ हिरमुसला. मला मात्र वाटतं की त्यांना तिथे काहीतरी भावेल, फक्त ते काय आणि कसं सांगायचं हे मला जमत नाहीये.

माझे प्रश्न असे. भाड्याची गाडी घ्यावी की गाइड असलेली बस? आईचे गुडघे दुखतात, तिला कितपत चालावं लागेल? दोघंही माळकरी, दिवसभराच्या खाण्याचं काय? आणि मुख्य म्हणजे, आप्पांसारख्या माणसाला त्या टूरमध्ये काय दाखवावं? इथे कुणी जाऊन आलं असेल तर जरा सविस्तर सांगा.

चोपडेकर (सध्या गोथेनबर्ग):

गाडी नको, बसच घ्या. आम्ही दोन्ही प्रकारे फिरलोय. रस्ता क्रमांक १ चांगलाच आहे, वीक जेमतेम १९० किलोमीटर, पण एकट्या भावाने जाऊन-येऊन चालवायचं म्हटलं की त्याचं सगळं लक्ष रस्त्यावर राहतं आणि आई-आप्पांशी बोलायला माणूस उरत नाही. शिवाय वारा. तिथला वारा आपल्या वळवाच्या वादळासारखा तासाभरात ओसरत नाही. गाडीचं दार दोन्ही हातांनी धरून उघडा असं भाड्याने देणारे बजावून सांगतात, कारण दार उलटं मोडतं.

मोठ्या कोचपेक्षा वीसेक माणसांची छोटी बस घ्या. पैसे थोडे जास्त, पण गाइड माणसागणिक बोलतो आणि उतरा-चढायला वेळ लागला तर कुणी खोळंबत नाही. शहराच्या मध्यभागी मोठ्या बस येऊ देत नाहीत. क्रमांक दिलेले थांबे आहेत, तिथे जाऊन उभं राहावं लागतं. हॉटेल अशा थांब्याजवळचं घ्या म्हणजे सकाळी आईची पायपीट वाचेल.

जून उत्तम. रात्र अशी होतच नाही, त्यामुळे परतीच्या वाटेवरही सगळं दिसतं. डिसेंबरात हाच प्रवास केला तर चार-पाच तासांचाच उजेड मिळतो. आणि छत्री नेऊ नका, काही उपयोग नाही. टोपीवाला रेनकोट आणि त्याच्याखाली लोकर.

व्हिसा शेंगेन असेल तर आइसलँड त्यातच येतं, वेगळा लागत नाही. फक्त अर्जातल्या प्रवासाच्या आराखड्यात आइसलँड लिहा आणि विमा किमान ३०,००० युरोचा हवा.

भूगोलाच्या बाई (धुळे):

पांझराकाठ, तुझा प्रश्न वाचून मी चहा बाजूला ठेवून लिहायला बसले. नोकरीभर भूगोल शिकवला आणि निवृत्तीनंतर लेकीबरोबर अगदी हीच टूर केली. तुझ्या आप्पांइतका लायक प्रवासी त्या बसमध्ये दुसरा कुणी नसेल, हे मी मनापासून सांगते. त्यांना फक्त एक गोष्ट निघायच्या आधी सांग: तुम्ही जन्मभर ज्या दगडात उतरलात, तोच दगड तिथे नवा आहे.

आपला काळा पाषाण म्हणजे बेसॉल्ट. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमीन फाटून लाव्हा वाहिला, थरावर थर साचले आणि दख्खनचं पठार झालं. आज त्याचा पसारा पाच लाख चौरस किलोमीटरच्या आसपास आहे आणि आपलं खानदेश त्याच्या पोटात बसलंय. आइसलँडही बेसॉल्टच, पण तिथले सगळ्यात जुने खडक दीडेक कोटी वर्षांचे. या टूरमध्ये दिसणारे तर कितीतरी तरुण, काही हजार वर्षांचे, काही शेकड्यांतले. आपल्याकडे जे काम होऊन गेलं ते तिथे अजून चालू आहे. अटलांटिकच्या मधोमध दोन भूपट्ट वर्षाला साधारण दोन सेंटिमीटरने दूर सरकतात आणि ती फट नेमकी या बेटातून जाते.

आता वाटेत काय दाखवायचं ते क्रमाने सांगते. जाताना बसच्या डाव्या बाजूला बसा. डोंगर, धबधबे, हिमनदी सगळं डावीकडे, समुद्र उजवीकडे.

रेक्याविक सोडल्यावर अर्ध्या तासात हेत्लिसहेदीचा चढ लागतो. दोन्ही बाजूला ओबडधोबड लाव्हा आणि त्यावर राखाडी-हिरव्या शेवाळाची गादी. तिथला एक प्रवाह इ.स. १००० च्या सुमारास वाहिलेला आहे. हजार वर्षं झाली, पाऊस तर सतत, तरी त्यावर माती नाही, नुसतं शेवाळ. हे आप्पांना आवर्जून दाखव. आपली कापसाची काळी जमीन याच दगडाची झालीये, पण त्या दगडाला झिजायला किती काळ लागला असेल याचा अंदाज मला तरी ते शेवाळ पाहिल्यावर आला. वर्गात मी लाख वर्षं, कोटी वर्षं असे आकडे फळ्यावर लिहीत आले, आकडे पोरांना पाठही होत. त्या दगडावर हात ठेवला आणि हजार वर्षं म्हणजे दगडाच्या हिशेबात काहीच नाही, हे बोटांना कळलं. शेवाळावर पाय मात्र देऊ नका. दिलेला पाय वर्षानुवर्षं उमटलेला राहतो.

चढ उतरला की ह्वेरागेर्दी गाव. जमिनीतून वाफ निघते आणि त्याच उष्णतेवर काचघरं चालतात. तिथे शेतीशिक्षणाच्या एका काचघरात केळी होतात! विक्रीसाठी नव्हेत, पण खरी झाडावरची केळी, आर्क्टिक वर्तुळाच्या थोडं खाली. जळगावकडच्या माणसाला ही बातमी दिली की तो बसमध्ये झोपत नाही.

मग सपाट मैदान आणि त्याच्या कडेला उभे कडे. सेल्यालांड्सफॉस आणि स्कोगाफॉस हे दोन्ही साधारण साठ मीटरचे धबधबे याच कड्यांवरून पडतात. गाइड बहुधा उंची सांगेल आणि फोटोसाठी वेळ देईल. तुम्ही एक करा. धबधब्याकडे पाठ करून समुद्र कुठे आहे ते बघा. पाचेक किलोमीटरवर आहे. एके काळी लाटा याच कड्यावर आपटत होत्या. हिमयुग सरलं, बर्फाचं ओझं उतरलं म्हणून जमीन वर आली, आणि हिमनद्यांच्या पुरांनी एवढी वाळू-गोटे आणून ओतले की किनारा पुढे सरकला. उभे आहात ती जमीन पुराने आणलेली आहे.

आईंसाठी: स्कोगाफॉसच्या पायथ्यापर्यंत सपाट खडीचा रस्ता आहे, तिथवर सहज जाता येतं. बाजूच्या जिन्याला पाचशेच्या वर पायऱ्या आहेत, त्या नकोत. सेल्यालांड्सफॉसच्या मागून जाणारी वाट ओली आणि निसरडी, शेवटी खडकांवर चढायला लागतं. आईंनी समोरूनच पाहावा, काही कमी पडत नाही.

या दोन धबधब्यांच्या मधे डावीकडे वर बर्फाची टोपी दिसते, ती एयाफियात्लायोकुत्ल. एप्रिल २०१० मध्ये तो फुटला आणि युरोपातली विमानं कितीतरी दिवस जमिनीवर बसली. लाव्हा आणि वितळलेलं बर्फ एकत्र आलं की लाव्ह्याचं पीठ होतं, तीच राख उंच गेली. पायथ्याच्या शेतांवर राखेचा थर बसला होता, त्याच शेतांत आता गवताचे गठ्ठे दिसतात.

सोलहेमायोकुत्ल ही हिमनदी बहुतेक टूरमध्ये असते. वाहनतळापासून थोडं चालावं लागतं, रस्ता चढउताराचा आहे. बर्फ पांढरं असेल असं वाटतं, ते काळ्या पट्ट्यांचं असतं. त्या जुन्या उद्रेकांच्या राखेच्या रेघा. दरवर्षी हिमनदी मागे हटतेय आणि पुढचं तळं वाढतंय. तिथे आमची गाइड मुलगी गप्प झाली होती, कारण ती लहानपणी आली तेव्हा बर्फ कुठवर होतं ते तिने हात करून दाखवलं आणि तिथे आता पाणी होतं.

आता रेनिसफ्यारा. सगळ्या दिवसाचं सार इथे आहे आणि सगळी भीतीही इथेच.

आधी दगड. किनाऱ्यावर उतरलं की डावीकडे कड्यात बेसॉल्टचे खांब दिसतात, पाच-सहा बाजूंचे, कडबा उभा रचून ठेवावा तसे एकमेकांना खेटून. कुणी घडवलेले नाहीत. जाड लाव्हा थंड होताना आकसतो, पृष्ठभागाला भेगा पडतात आणि थंडी जसजशी आत शिरते तसतशा भेगाही आत जातात. म्हणून खांब नेहमी थंड होणाऱ्या पृष्ठभागाला काटकोनात. शेजारच्या गुहेत तेच खांब वाकडे-तिरके झालेत, कारण तिथे लाव्हा वेगवेगळ्या बाजूंनी थंड झाला. आप्पांना विहिरीत उभ्या चिरा लागल्याच असतील. पहार कुठे घातली की दगड सुटतो हे त्यांना त्या चिरांवरूनच कळत असणार. त्यांना खांबांसमोर उभं करून विचार, "इथे पहार कुठे घालाल?" आणि मग भावाने फक्त ऐकायचं.

वाळू हातात घ्या. भिंग माझ्या पिशवीत कायम असतं, त्याखाली पाहिली. गुळगुळीत काळे कण, मधूनच काचेसारखे चमकणारे, कारण पाण्यात पडून एका क्षणात थिजलेल्या लाव्ह्याला स्फटिक व्हायला वेळच मिळत नाही. मोठ्या गोट्यांना बारीक छिद्रं, ते वायूचे बुडबुडे. ओला गोटा कोळशाहून काळा, वाळला की करडा. आपल्याकडच्या अशाच छिद्रांत कोट्यवधी वर्षांत पाण्याने खनिजं भरली, म्हणून विहिरीत पांढरे, हिरवट, कधी गुलाबी स्फटिक निघतात. जळगावच्या खाणींतले स्टिल्बाइट, ॲपोफिलाइट जगभरच्या संग्रहात आहेत. रेनिसफ्याराच्या गोट्यांची छिद्रं अजून रिकामी आहेत. दगड उचलून आणू नका, बघून तिथेच ठेवा.

आता समुद्राचं. हे आप्पांना नाही, भावाला सांग आणि नीट सांग. तिथून दक्षिणेला अंटार्क्टिकापर्यंत जमीन नाही. लाटा हजारो किलोमीटर ताकद गोळा करत येतात. दहा-पंधरा लाटा लहान येतात, माणसं पुढे सरकतात आणि मग एक लाट सगळा किनारा चढून थेट कड्याला भिडते. उतार तीव्र आहे, परतणारं पाणी पायाखालची वाळूच ओढून नेतं, आणि पाणी इतकं गार की पोहता येणाऱ्याचेही हातपाय चालत नाहीत. तिथे पर्यटकांचे जीव गेलेत, एकदा नाही, अनेकदा. वाटेवर सूचनेचा दिवा आणि फलक आहे. दिवा लाल असेल तर वरूनच बघायचं, त्यात चर्चा नाही. इतर वेळीही समुद्राकडे पाठ करून फोटो काढायचा नाही आणि खांबांवर चढून बसायचं नाही, कारण लाट आली की मागे कडा असतो आणि पळायला जागा नसते. आईंना गुडघ्यांमुळे झटकन मागे सरता येणार नाही, म्हणून त्यांनी वाटेजवळ वरच्या अंगालाच थांबावं. खांब तिथूनही दिसतात. आम्ही होतो तेव्हा एक कुटुंब लहान मुलाला घेऊन पाण्याकडे चाललं होतं. आमची गाइड ओरडत धावली आणि त्यांना मागे आणलं. तिचं वागणं काहींना उद्धट वाटलं. मला ती फार आवडली.

वीकमध्ये जेवायला थांबतात. गावाच्या वर टेकडीवर लाल छपराचं चर्च आहे. मागच्या हिमनदीखाली कात्ला ज्वालामुखी झोपलेला आहे. शेवटचा मोठा उद्रेक १९१८ मध्ये झाला. तेव्हा बर्फ वितळून आलेल्या पुराने एवढा गाळ टाकला की किनाऱ्याची रेषा समुद्रात पुढे गेली. तसा पूर पुन्हा आला तर गावाने त्या चर्चकडे चढायचं, असं ठरलेलं आहे. आईंना हे सांग. त्या चर्चकडे बघून हात जोडतील, मीही जोडले.

खाण्याचं: भावाच्या घरी दशम्या करून घ्या. दोन दिवस टिकतात, सोबत शेंगदाण्याची चटणी. भारतातून दुधाचे पदार्थ युरोपात न्यायला बंदी आहे, तेव्हा खवा-पेढे सामानात टाकू नका. दशम्या तिकडच्या दुधातच मळा. वीकच्या दुकानात फळं, ब्रेड मिळतो. सूप मागवण्याआधी त्यात काय आहे ते विचारा, बहुतेक ठिकाणी मटणाचं असतं. नळाचं गार पाणी बिनधास्त प्या.

सातपुडा (नंदुरबार):

बाई, वाचताना शाळेत बसल्यासारखं वाटलं, धन्यवाद.

पांझराकाठ, तुमच्या साक्रीकडून आमच्या नंदुरबारकडे येताना शेतांच्या मधून दगडाच्या लांबच लांब भिंती जातात, कुणी बांधल्यासारख्या सरळ. माझे आजोबा त्यांना पांडवांनी घातलेल्या म्हणत. नंतर कळलं की त्या डाइक आहेत, म्हणजे भेगेत थिजलेला लाव्हा. आप्पांना हे नक्की माहीत असेल, कारण आमच्याकडे भिंतीच्या एका अंगाला विहिरीला पाणी आणि दुसऱ्या अंगाला कोरडी, असं कित्येक ठिकाणी आहे.

बाई, अशी भिंत त्या टूरमध्ये दिसते का? आणि तिकडे अलीकडे एक गाव रिकामं केलं होतं ना? तो भाग टूरच्या वाटेवर येतो का? आई-वडिलांना नेताना तेही बघायला हवं.

भूगोलाच्या बाई:

सातपुडा, तुम्ही नेमक्या जागी बोट ठेवलंत.

धुळे-नंदुरबारच्या डाइक जगभरच्या भूशास्त्रज्ञांना माहीत आहेत. बहुतेक पूर्व-पश्चिम, तापीच्या खोऱ्याला साधारण समांतर, कारण त्या काळी जमीन उत्तर-दक्षिण ताणली जात होती. आजूबाजूचा नरम खडक झिजून गेला आणि भेगेतला टणक लाव्हा भिंतीसारखा उभा राहिला. पाण्याचं तुम्ही म्हणता तसंच आहे. अखंड डाइक जमिनीखालचं पाणी अडवते, तडकलेली असली तर तीच पाणी वाहून नेते. आप्पांनी हे अनुभवाने केव्हाच ओळखलेलं असणार.

आणि गाव रिकामं झालं ते डाइकमुळेच! ग्रिंडाविक त्याचं नाव, रेक्यानेस द्वीपकल्पाच्या दक्षिण टोकाला, मासेमारीचं गाव. १० नोव्हेंबर २०२३ च्या संध्याकाळी सुमारे पंधरा किलोमीटर लांबीची मॅग्माची, म्हणजे वितळलेल्या खडकाची, भिंत जमिनीखाली, थेट गावाखालून घुसली. भूकंपांचा मारा सुरू झाला, रस्ते फाटले, आणि जवळजवळ ३,८०० माणसं त्याच रात्री बाहेर काढली. डिसेंबरात उद्रेक झाला, जानेवारी २०२४ मध्ये लाव्ह्याने गावातली काही घरं गिळली, आणि त्यानंतरही तिथे वारंवार उद्रेक होत राहिले. आपल्या शेतातल्या त्या भिंती घडल्या तेव्हा बघायला माणूस नव्हता. ग्रिंडाविकची भिंत लोकांच्या स्वयंपाकघराखाली घडली आणि उपकरणांनी ती तासातासाने मोजली. मी तेव्हा रोज बातम्या बघत होते आणि रोज साक्रीची भिंत डोळ्यांपुढे यायची. तिथल्या माणसांचं घर गेलं, होड्या राहिल्या, हे मात्र विसरून चालत नाही. म्हणून तिथे बघे म्हणून जाताना मन जरा जपूनच ठेवावं.

तो भाग दक्षिण किनाऱ्याच्या वाटेवर येत नाही. वीक पूर्वेला, ग्रिंडाविक नैऋत्येला. केफ्लाविक विमानतळ मात्र त्याच द्वीपकल्पावर आहे. तिथून रेक्याविकला येताना रस्त्याच्या दोन्ही बाजूला लाव्हा लागतो, तो खिडकीतून दिसेलच. रेक्यानेसची वेगळी अर्ध्या दिवसाची टूर असते: समुद्रावरचे कडे, दीपगृह, उकळत्या चिखलाची गुन्नुह्वेर. दोनच दिवस हातात असतील तर दक्षिण किनारा आधी, अर्धा दिवस उरला तर रेक्यानेस. निघण्याच्या आदल्या दिवशी आइसलँडच्या हवामान खात्याचं आणि प्रवाशांच्या सुरक्षेसाठीचं सेफट्रॅव्हल हे संकेतस्थळ बघायला भावाला सांगा. रस्ते, वारा, उद्रेक, सगळं तिथे कळतं.

पांझराकाठ:

बाई, काल तुमचं सगळं आप्पांना वाचून दाखवलं. आधी ऐकत नव्हते, मोटारीचं काहीतरी खटपट करत बसले होते. खांबांचं आलं तेव्हा पाना खाली ठेवला. म्हणाले, दोन गाव सोडून एका विहिरीत असेच पैलूदार खडक लागले होते, सुरुंगाशिवाय सुटले. मग भिंतीचं ऐकलं आणि अर्धा तास कुठल्या भिंतीच्या कुठल्या अंगाला कुणाची विहीर फेल गेली ते सांगत बसले. आई म्हणाली, यांना आता तिकडे न्यावंच लागेल.

शेवटी त्यांनी एकच विचारलं: "तठे पानी कितला फूटवर लागस?" मला उत्तर देता आलं नाही. सांगाल का?

चोपडेकर, भावाने छोट्या बसचं बुकिंग केलं. थांबा हॉटेलपासून दोन मिनिटांवर आहे.

भूगोलाच्या बाई:

आप्पास्ना सवाल भारी शे! टूरमध्ये हा कुणीच विचारत नाही.

त्यांना असं सांग. तरुण लाव्हा म्हणजे छिद्रं, भेगा आणि पोकळ्यांचा ढीग. पाऊस पडला की वाहायला थांबत नाही, सरळ आत जातो. म्हणून लाव्ह्याच्या ताज्या पठारांवर ओढे-नाले दिसतच नाहीत. पाणी खाली गाळलं जातं आणि लाव्हा संपतो तिथे झऱ्यांनी बाहेर पडतं. रेक्याविकचं पिण्याचं पाणी शहराबाहेरच्या लाव्ह्यातल्या अशाच विहिरींतून येतं आणि त्यात क्लोरीन घालायची गरज पडत नाही.

आपला दगडही एके काळी असाच होता. पण कोट्यवधी वर्षांत छिद्रांत खनिजं बसली, भेगांत माती भरली. म्हणून आता पाणी मुरमात, मांजऱ्यात (बुडबुड्यांच्या छिद्रांच्या खडकात), दोन थरांच्या मधल्या सांध्यात आणि चिरांत तेवढं सापडतं, अखंड काळा पाषाण लागला की कोरडं. दोन थरांच्या मधे तो लाल गेरूचा पट्टा लागतो ना, तो म्हणजे एक लाव्हा थिजल्यावर दुसरा यायच्या आधी त्याच्यावर झालेली झीज आणि माती. पुढच्या लाव्ह्याने ती भाजली. असे लाल पट्टे आइसलँडच्याही जुन्या भागात आहेत, पूर्वेच्या आणि पश्चिमेच्या खाड्यांत. या टूरच्या वाटेवर नाहीत.

आणखी एक. हेत्लिसहेदीवर रस्त्याच्या बाजूने जाड नळ दिसतील. तिथून जमिनीखालचं गरम पाणी वापरून तापवलेलं पाणी पंचवीसेक किलोमीटरवर रेक्याविकच्या घरांत जातं, घरं त्यावरच उबदार राहतात. तिथल्या बोअर हजार मीटरहून कितीतरी खोल आहेत. त्याच प्रकल्पात कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळवून बेसॉल्टमध्ये सोडतात आणि दोनेक वर्षांत त्याचा दगड होतो, बुडबुड्यांच्या त्याच रिकाम्या छिद्रांत. गाइडला हे आधी सांगून ठेव की बसमध्ये एक विहिरीवाले आप्पा आहेत. त्यांना खोली, खडक आणि पाणी या तिन्हीबद्दल विचारायचंय, भाऊ दुभाष्या होईल. चांगला गाइड असेल तर तो जाताना त्यांना पुढच्या सीटवर बसवेल. डावीकडची.